विजेनंतरची टकटक

माझ्या थोरल्या भावाला विमानतळावर सगळे टकटक म्हणतात. तोंडावर मास्तर, पाठीमागे टकटक. त्याला दोन्ही नावं माहीत आहेत आणि त्यातलं दुसरं जास्त आवडतं, पण हे तो मेला तरी कबूल करणार नाही. घरात तो दादा. आम्ही एकाच इमारतीत राहतो, तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर, मी खालच्या. त्यामुळे त्याच्या संसारातलं माझ्या नजरेतून फारसं काही सुटत नाही, आणि जे सुटतं ते वहिनी जिन्यात गाठून सांगते.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात काम करते. दिवसभर कानाला फोन लावून लोकांचं ऐकून घ्यायचं, हा माझा धंदा. नळाला पाणी नाही म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं मी रोज ऐकते. तेव्हा ऐकणं म्हणजे काय हे मला कळतं, आणि न ऐकता ऐकल्याचं सोंग कसं करतात तेही कळतं. साडेचार वाजल्यानंतर मी स्वतः तेच करते.

दादाचं काम जरा समजावून सांगायला हवं. उडत्या विमानावर वीज पडते, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. पडते, आणि तशी नेहमीची गोष्ट आहे ती. आत बसलेल्यांना खिडकीबाहेर लख्ख उजेड दिसतो, धाडकन आवाज होतो, एखादं मूल रडतं, एखादे गृहस्थ शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरतात, आणि विमान आपल्या वाटेनं पुढं जातं. वीज बाहेरच्या बाहेर अंगावरून वाहत जाते आणि दुसऱ्या टोकानं निघून जाते. आतल्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. उतरल्यावर प्रवासी घरी जाऊन ही हकीकत तिखटमीठ लावून सांगतात. विमानाला मात्र घरी जाता येत नाही. त्याला बाजूला घेतात, शिड्या लावतात आणि दादाला बोलावतात.

तो आधी वीज शिरली कुठून ते शोधतो, मग बाहेर पडली कुठून ते. बहुतेक वेळा नाकाकडून आत आणि शेपटीकडून किंवा पंखाच्या टोकाकडून बाहेर. वीज चिकटलेली असताना विमान पुढं सरकतच असतं, त्यामुळे पत्र्यावर बारीक डागांची रांग उठते. कुठं रिव्हेटचं डोकं वितळलेलं, कुठं रंग करपलेला. शिरल्याची खूण सापडली आणि निघाल्याची सापडली नाही, तर दादा शिडीवरून उतरत नसे. “पाहुणा आलेला दिसतोय, गेला की नाही ते नको बघायला?” असं म्हणायचा.

डाग डोळ्यांना दिसतात. अवघड काम त्यापुढचं. विमानाचं नाक धातूचं नसतं. त्याच्या आत पुढचे ढग बघणारं रडार असतं, आणि धातूतून त्याला काही दिसत नाही. म्हणून ते नाक करतात थरांचं, एकावर एक चिकटवून. विजेच्या दणक्यानं हे थर आतल्या आत सुटू शकतात, आणि वरून बघावं तर सगळं ठाकठीक. मग दादा एक छोटी गोल डोक्याची हातोडी घेतो आणि बोटाबोटाच्या अंतरानं टक टक वाजवत जातो. थर घट्ट असले तर आवाज खणखणीत येतो. सुटले असले तर बद्द येतो. जिथं शंका आली तिथं खूण करायची आणि मग यंत्र लावून खात्री करून घ्यायची. पण यंत्र लावायचं कुठं, ते आधी कान ठरवतो.

हे काम त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याला बाजारात न्यायची सोय नव्हती. कलिंगडं वाजवायचा ते ठीक, पण तो दारं, टेबलं, बादल्या, दुकानाचा गल्लासुद्धा वाजवून बघायचा. माझ्या सासरी पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी हौसेनं घेतलेलं नवं कपाट त्यानं चार ठिकाणी टकटक करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “पाठीमागची फळी सुटलीय.” ती सुटलेली होती. सासूबाईंनी त्याला त्याबद्दल आमरण क्षमा केली नाही, आणि मलाही नाही.

आपल्या कानांचा त्याला गर्व होता, हे मी बहीण म्हणून सांगते. नाकावर माशी बसू देत नसे. टकटकनं ठीक म्हटलं की विमान ठीक, असं विमानं दुरुस्त करायची ती शेड, म्हणजे सगळा हँगर, मानायचा, आणि ते मानणं त्याला पोटभर जेवणासारखं होतं.

त्याचे कान नेमके कधी गेले ते कुणालाच सांगता येणार नाही. जन्म इंजिनांच्या आवाजात गेला. कान झाकायची टोपणं सगळ्यांना मिळायची, पण वाजवताना ती काढावीच लागत, आणि शेजारी कुणी इंजिन सुरू केलं म्हणून हातातलं काम थांबत नसे. थोडं थोडं करत बारीक आवाज गेले, मग दाराची घंटा गेली, मग आमची बोलणी. वहिनीच्या लक्षात यायला वेळ लागला. नवरा ऐकत नाही यात तिला नवीन काही वाटेना. मग एकदा तिनं भाजी चिरता चिरता सहज आवाजात म्हटलं, “अहो, तुमच्या शर्टाला आग लागलीय.” दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “हं, बरोबर आहे.” तेव्हा तिची खात्री पटली.

मी त्याला दोनदा डॉक्टरकडे न्यायला निघाले. एकदा म्हणाला, माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हा बायकांचे आवाज बसलेत. दुसऱ्यांदा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग मीही तो विषय सोडला. कामावर त्याचं कसं चालतं, हा प्रश्न माझ्या मनात यायचा, पण तिथं काही बिनसलं असतं तर कळलं असतंच, अशी मी समजूत करून घेतली होती.

तिथं त्यानं एक युक्ती काढली होती. हातोडी उजव्या हातात, आणि डावा तळहात वाजवायच्या जागेशेजारी पसरून घट्ट टेकवलेला. ठोका मारला की थरातून जी थरथर येते ती तळहाताला कळायची. घट्ट जागेवर ती चटकन येऊन जायची, सुटलेल्या जागेवर रेंगाळायची. कानानं जे ऐकायचं ते तो हातानं ऐकू लागला. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण मास्तर जे करतात ते उगाच करत नाहीत, अशी सगळ्यांची श्रद्धा. नवी पोरं त्याचं बघून डावा हात टेकवायला लागली. गवई डोळे मिटून गातो म्हणून शिष्यही डोळे मिटतात, तशातला प्रकार. दादा ते बघत होता. त्याला बरंही वाटत होतं. आणि नको करू म्हणायचं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं.

या पोरांत एक मुलगी होती. तिला तिथं सगळे नवी म्हणतात. तिच्यामागून आणखी कितीतरी जण कामाला लागले, तरी ही आपली नवीच. दादा घरी येऊन कुणाचं कौतुक करणाऱ्यांतला नाही, पण तिच्याबद्दल एकदा जेवताना म्हणाला होता, “पोरीचा कान चांगला आहे.” वहिनीनं मला ते मुद्दाम खाली येऊन सांगितलं. आम्हाला वाटलं, चला, याच्यामागं कुणीतरी तयार होतंय.

वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दादा काही दिवस रजेवर होता. त्यातच एका विमानावर उतरता उतरता वीज पडली. नवीनं तपासलं. शिरल्याची खूण नाकावर, निघाल्याची शेपटीवर, दोन्ही तिनं शोधली. नाक पूर्ण वाजवलं, सगळीकडे सारखा आवाज आला, तिनं ठीक म्हणून सही केली आणि विमान गेलं. दोन दिवसांनीच ते ठरलेल्या मोठ्या तपासणीला आलं तेव्हा तिथल्या लोकांनी सगळ्या नाकाला यंत्र लावलं, तर बशीएवढ्या जागेत थर सुटलेले निघाले. कुणाला काही झालं नव्हतं. पण त्या जागेत पाणी शिरलं असतं, वर थंडीत गोठलं असतं, भेग वाढत गेली असती, तर पुढचं बोलायला नको.

चौकशी झाली. तपासणी विभागाचे साहेब म्हणाले, एवढी मोठी सुटलेली जागा कान असलेल्या कुणालाही ऐकू येईल. ज्या अर्थी ऐकू आली नाही, त्या अर्थी हिनं वाजवलंच नाही. न वाजवता सही केली. या धंद्यात चुकलेल्या माणसाला पुन्हा शिकवतात, पण खोटी सही करणाऱ्याला उभंही करत नाहीत. तिचा परवाना कायमचा जाणार होता. घाईत होते, चुकलं, असं म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. ती एकच सांगत राहिली, की बोटाबोटावर वाजवलं आणि सगळीकडे आवाज सारखाच आला. त्यावर कुणाचा विश्वास बसेना.

दादा रजेवरून आला त्या दिवशी ती त्याला शिडीपाशी भेटली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “मास्तर, तुम्ही करता तस्संच केलं मी. हात टेकवून.”

तिथंच दादाच्या डोक्यात उजेड पडला. वाजणाऱ्या थाळीवर हात ठेवला की ती गप्प होते. तळहात घट्ट टेकवला की त्या नाकाचाही आवाज दबतो, चांगल्या जागेचा आणि वाईट जागेचा, दोन्ही बद्दच. दादाला फरक पडत नव्हता, तो ऐकतच नव्हता. नवी बिचारी ऐकत होती, आणि हातानं काय बघायचं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती खरं बोलतेय हे सिद्ध करू शकणारा अख्ख्या हँगरात एकच माणूस होता. त्यानं तिला सांगितलं, “बघतो मी,” आणि घरी निघून आला.

रविवारी दुपारी तो खाली माझ्याकडे आला आणि हे सगळं त्यानं मला सांगितलं. आता बहिऱ्या माणसाशी गुप्त गोष्ट कशी बोलायची, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मी हळू बोलले की त्याला ऐकू येईना, मोठ्यानं बोलले की जिना ऐकणार. खिडक्या लावून घेतल्या. आवाज झाकायला नळ सोडला, तर त्याला आणखीच ऐकू येईना. शेवटी म्हटलं, ऐकू दे इमारतीला.

“मी बोललो तर माझं काम गेलं,” तो म्हणाला.

“आणि नाही बोललास तर तिचं.”

“ती तरणी आहे. दुसरं काहीतरी बघेल.”

“खोटी सही केली म्हणून हाकललेल्या पोरीला कोण दारात उभं करेल, दादा?”

“मी तिला कधी म्हटलं का, हात टेकव म्हणून?”

“मग टेकवू नको, असं म्हणालास?”

मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच थांबवलं.

त्यानं माझ्या टेबलावर बोटानं एकदा टकटक केली. मग म्हणाला, “हातोडी काढून घेतली तर मी तिथं कोण गं? मला काय म्हणून हाक मारतील?”

मला त्याचा संताप आला होता, तो होताच. पण लहानपणी आई कामावर गेली की मला भरवून शाळेत सोडणारा हा माझा भाऊ, आणि तो आज आपलं नाव जाईल म्हणून घाबरला होता. त्याला जवळ घ्यावं आणि एक थोबाडीतही द्यावी, असं दोन्ही एकदमच वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही. पाणी प्यायला दिलं.

तेवढ्यात वहिनी खाली आली, एका डोळ्याला पट्टी तशीच.

“सगळं ऐकलं मी,” ती म्हणाली. “शेजारच्यांनीही ऐकलंय. अहो, तुमचे कान गेलेत हे आम्हाला केव्हाचं माहीत आहे. तुम्हाला काय वाटलं, आम्हाला पत्ता नाही?”

दादानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढी वर्षं जिवापाड झाकलेली गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

“मग कुणी बोललं का नाहीत?”

“बोललो होतो. तुम्ही आठवडाभर तोंड फुगवून बसला होतात.”

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. पुढचं मला साहेबांनीच सांगितलं. ते आणि दादा एकाच वेळी कामाला लागलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं अरेतुरेचं. दादा त्यांना भंगारात काढलेल्या एका जुन्या नाकापाशी घेऊन गेला. हातात हातोडी दिली आणि म्हणाला, “वाजव.” साहेबांनी वाजवलं. एक जागा खणखणीत, एक जागा बद्द. “आता डावा हात असा टेकव आणि पुन्हा वाजव.” साहेबांनी पुन्हा वाजवलं. मग आणखी दोनदा वाजवलं. दोन्ही जागा सारख्याच.

“हात काढ की मग,” साहेब म्हणाले. “हा हात ठेवायचं खूळ आलं कुठून?”

“माझ्याकडून,” दादा म्हणाला. “मला कानानं कळायचं बंद झालंय. मी हातानं बघतो. पोरं माझं बघून करतात. तिनं सगळं वाजवलं होतं, साहेबा. मी तिचे कान बंद केले.”

साहेब म्हणाले, पहिल्यांदा मी चिडलो, मग विमानांची यादी काढायला बसलो. कारण एवढ्यावर भागणार नव्हतं. दादानं हातानं तपासून ठीक म्हटलेलं, आणि पोरांनी त्याचं बघून तपासलेलं, प्रत्येक विमान आता यंत्रानं पुन्हा बघायचं होतं. जगभर पसरलेली विमानं, एकेक परत येईल तशी. माझा हात कधी चुकला नाही, असं दादा ठासून सांगत होता. बाकी सगळी ठीक निघाली, पण दादानं तपासलेल्या एका विमानाच्या पंखाच्या टोकाला, तेही नाकासारखं थरांचंच, छोटीशी सुटलेली जागा सापडली. लहान होती, मर्यादेत बसणारी होती, साहेबांनी त्याला तसं सांगितलंही. दादा त्या दिवशी जेवला नाही.

हातोडी अर्थातच गेली. त्याला अवजारांच्या खोलीत बसवलं, दिलेलं अवजार परत आलं की नाही ते बघायला. नवीवरचा खोट्या सहीचा आरोप मागं घेतला. दुसऱ्या एका जुन्या माणसाच्या हाताखाली तिला सगळं पुन्हा शिकायला लावलं, आणि हँगरात भिंतीवर मोठी सूचना लागली, की वाजवताना दुसरा हात लांब ठेवावा. दादा डॉक्टरकडे गेला. कानात घालायचं यंत्र मिळालं, ते तो घालायचा कमी आणि खिशात ठेवायचा जास्त. त्यातून सगळंच ऐकू येतं, अशी त्याची तक्रार होती.

या सगळ्यानंतर एका संध्याकाळी नवी घरी आली. मी वरच होते. वहिनीला आनंद झाला. तिची अशी समजूत की पोरगी आभार मानायला आली. खरं सांगायचं तर माझीही तीच समजूत. तिचं सगळं पणाला लागलं होतं, पण यानंही आपलं नाव घालवलं होतं, तेव्हा दोन गोड शब्द त्याला मिळावेत, असं मला वाटत होतं. दादानं घाईनं शर्ट बदलला. कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिलं.

वहिनीनं चहा ठेवला. नवीनं कपाला हात लावला नाही. तिची नजर फरशीवर होती आणि ती बोलायला लागली, इतकी हळू की मलाच पुढं वाकावं लागलं.

“मास्तर, मला ऐकू येत होतं. अगदी सुरुवातीला, तुमच्या हाताखाली यायच्या आधी, मी हात न टेकवता वाजवायचे, तेव्हा फरक मला स्पष्ट कळायचा. मग तुमच्यासारखा हात टेकवायला लागले आणि कळेनासा झाला. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे, तुम्हाला येतं ते मला येत नाही. घरी जाऊन रडायचे मी. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही, तुमच्या हातावर ठेवला.”

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मला एकदम कळलं की दादाला यातलं काहीही ऐकू गेलेलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं सभ्य हसू होतं, आणि मान हलायच्या बेतात होती. एक मान हलवली असती की सुटला असता. मुलीचं बोलून झालं होतं, ती उठून गेली असती, आणि आम्ही दोघींनी त्याला ते कधी सांगितलं नसतं.

मान हलली नाही. हसू गेलं. तो खुर्ची ओढत तिच्या अगदी समोर आला.

“मला ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “पुन्हा सांग. मोठ्यानं सांग.”

माझ्या उभ्या जन्मात मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. नवीनं मान वर केली. दादाकडे बघत तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकही शब्द मऊ न करता. रडायची ते, आणि हातावर ठेवलेल्या विश्वासाचंही. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला. ती बोलत असेपर्यंत दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, एकदाही नजर न वळवता.

“आलं ऐकू,” तो म्हणाला.